कापसाच्या पेटीतली खिचडी

भांड्यावर झाकण ठेवा, एवढं एक वाक्य सांगण्याचा मला नऊ वर्षं पगार मिळाला.

वाक्य खरं होतं. आजही खरं आहे. झाकण ठेवलं की वाफ आत राहते, डाळ लवकर शिजते, जळण कमी लागतं आणि घरातले चार पैसे वाचतात. पण ज्या बायांना मी हे सांगत होतो त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या, आणि मी स्वतः तोवर आयुष्यात एकदाही डाळ शिजवली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे याहून वाईट सांगायचं आहे.

माझ्या पदाचं नाव होतं ‘इंधन मित्र’. यवतमाळच्या एका संस्थेकडे घरगुती इंधन बचतीचा प्रकल्प आला होता. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बाहेरून गाड्या यायच्या. कोणी शेळ्या आणल्या, कोणी शिलाई मशिनी, कोणी जर्सी गाई. सल्ला सगळ्यांत स्वस्त पडायचा, म्हणून तो सगळ्यांत जास्त आला. त्यातला चुली आणि दिव्यांबद्दलचा सल्ला माझ्या वाट्याला होता.

मोटरसायकलच्या मागे मी दोन सारखी पातेली आणि एक झाकण बांधून गावोगाव फिरायचो. प्रात्यक्षिक सोपं होतं. दोन चुली मांडायच्या, दोन्हींवर मोजून सारखं पाणी, दोन्हींखाली मोजून सारखी पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली वाळकी झाडं. आमच्याकडच्या चुली तिच्यावरच चालतात. एका पातेल्यावर झाकण ठेवायचं, दुसरं उघडं. मग घड्याळ हातात धरून मी उभा राहायचो आणि पंधरा-वीस बाया पाणी उकळताना बघत बसायच्या. झाकणाचं पाणी दर वेळी आधी उकळायचं. मला दर वेळी आनंद व्हायचा.

एका गावात एक म्हातारी शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, “बापू, हे दाखवाले तू यवतमाळवरून आला?”

“हो आजी.”

“फटफटीले पेट्रोल किती लागलं?”

मी आकडा सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि पदर झटकून उठली. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. संध्याकाळी अहवालात मी लिहिलं, ‘महिलांनी इंधनाच्या खर्चाविषयी जागरूकपणे प्रश्न विचारले.’

दिव्यांचंही तसंच. बाभुळगावच्या पुढे एका खेड्यात मी पोस्टर लावलं, ‘गरज नसताना दिवा बंद ठेवा’. गावात तीन दिवसांपासून वीज नव्हती. पारावर बसलेल्या एका आजोबांनी ते पोस्टर नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.

“साहेब,” ते म्हणाले, “बंद कराले आंधी चालू तं झाला पाह्यजे.”

“नाही, आजोबा, वीज आल्यावर...”

“तीन दिवसांपासून पुरा गाव बंद ठेवून राह्यला. याचं काही बक्षीस गिक्षीस हाये का?”

मी म्हटलं, वर कळवतो. खरंच कळवलं. उत्तर आलं की गावाचं अभिनंदन करावं.

हे सगळं मी मनापासून करत होतो, हे माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल. मी कामचुकार नव्हतो. माझा दोष वेगळा होता आणि तो माझ्या बायकोने, वंदनाने, लग्नानंतर आठवड्यातच ओळखला होता. मला धीर नाही. भात चुलीवर असला की मी झाकण उचलून बघतो. पत्राचं उत्तर आलं का म्हणून एकाच दिवशी तीनदा पोस्टात जातो. मुलगी झाली तेव्हा नर्सने मला दवाखान्याच्या दारातून बाहेर काढून गेटवर बसवलं होतं. वंदना म्हणायची, “तुमी बी पेरलं तं दुसऱ्या दिवशी उकरून पाहान.”

अशा माणसाच्या हाती त्या संस्थेने कापसाची पेटी दिली.

ही पेटी काय ते सांगतो. डाळ किंवा भात चुलीवर दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायचा. मग भांडं झाकणासकट उचलून अशा पेटीत ठेवायचं, की जिच्यात सगळीकडून ऊब धरणारं काहीतरी जाड भरलेलं असेल. वरूनही तसंच जाड पांघरूण घालून बांधून टाकायचं. उष्णता बाहेर जात नाही आणि अन्न आतल्या आत स्वतःच्याच गरमीवर शिजतं. दीड-दोन तासांनी काढलं की जेवण तयार. चुलीत दहा मिनिटांचंच जळण गेलेलं असतं. जादू नाही, थर्मासच आहे. नियम फक्त एक. मध्ये उघडायचं नाही. एकदा उघडलं की ऊब गेली, आणि ती परत आणायला पेटीत चूल नसते.

माहितीपुस्तकात पेटीत गवत भरा, भुसा भरा असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलो. कारण भाव येईल म्हणून वाट पाहत त्या वर्षी लोकांनी कापूस घरातच ठेवला होता. बैठकीत कापूस, देवघरात कापूस, आणि माणसं ओसरीत झोपत होती. ऊब धरणारी आणि भाव नसलेली वस्तू घराघरांत आढ्यापर्यंत भरलेली असताना गवत कशाला? मी संस्थेच्या साहेबांना सांगितलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. नऊ वर्षांत तो एकदाच.

कळंबकडच्या एका गावात देवरावभाऊ नावाचे शेतकरी होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “सर, पेटी कायले पाह्यजे? माही तं आख्खी खोलीच पेटी हाये.”

युक्तिवाद बरोबर होता. त्यांनी उकळतं वरणाचं भांडं उचललं, कापसाच्या ढिगावर चढले, आत खोल खड्डा केला, भांडं ठेवलं आणि वरून कापूस ओढला. मी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या गावाला गेलो. दोन तासांनी ते वरण काढायला गेले, तोवर मजुरांनी त्या दिवशी वेचलेला कापूस वरून ओतला होता. भांडं सापडेना.

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा देवरावभाऊ आणि त्यांचा भाऊ छातीपर्यंत कापसात होते. मीही उतरलो. दारात उभ्या असलेल्या देवरावभाऊंच्या मंडळी हाताने दिशा दाखवत होत्या.

“अजून डाव्या हाताले जा.”

“तुले काय मालूम? ठेवलं तं म्या.”

“ठेवलं तुमी, म्हणून तं सापडून नाई राह्यलं.”

तासभर आम्ही तिघे कापसात पोहलो. माझा एक बूट आत राहिला. भांडं मिळालं ते पंधरा दिवसांनी, खरेदी केंद्रावर. तिथे मालाची प्रत ठरवणारा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालून ओलावा बघतो. त्याने हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा हातात झाकण होतं.

“माल ओला हाये,” तो म्हणाला.

“ओला नाई साहेब,” देवरावभाऊ म्हणाले, “वरण हाये.”

हळदीने आजूबाजूचा कापूस पिवळा झाला होता आणि पिवळ्या कापसाला त्याने भाव कमी लावला. मी माफी मागायला गेलो. देवरावभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, “वास मारून राह्यलं होतं, पन सर, शिजलं होतं एकदम मस्त.” बूटही परत दिला.

तेव्हापासून मी पेटीचाच आग्रह धरला. स्वतःच्या घरीही एक केली. शेजारच्यांकडून पाच किलो कापूस आणून लाकडी खोक्यात भरला. वंदना आठ-दहा दिवस त्यात डाळ ठेवत होती. एक दिवस मी दुपारी जेवायला आलो तर तिने माझा हात धरून खोक्यापाशी नेलं. कोपऱ्यातल्या कापसातून हिरवे कोंब वर आले होते. कापसात सरकी असते हे मी, यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेला माणूस, विसरलो होतो. वाफेची ओल आणि ऊब मिळाल्यावर बी दुसरं काय करणार?

“पाऊस नाई, पानी नाई,” वंदना म्हणाली, “तरी तुमचं पीक पाहा कसं आलं. खत कवा द्याचं?”

म्हणजे कापूस चालत नव्हता. सरकी काढलेली, पिंजलेली रुई पाहिजे होती. आणि पिंजलेली रुई गादीत असते. एवढं लक्षात ठेवा. माझी पुढची चूक इथून सुरू होते.

कळंब रस्त्याला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेत सुशीलाबाई ऐंशी पोरांची खिचडी करायच्या. चाळिशीच्या, उंच, हसल्या की आधी डोळे हसायचे. बौद्ध वस्तीतल्या. जळण त्यांनाच आणावं लागे, मिळणाऱ्या मानधनातून. रोज सकाळी डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन त्या शाळेत येत. त्यांना पेटीचा खरा फायदा होता, आणि हे त्यांना मी न सांगताच कळलं.

गावात चार-पाच घरं अशी होती की त्यांची पोरं शाळेत खिचडी खात नसत. डबा आणत. का आणतात, हे कोणी तोंडाने बोलत नव्हतं. विचारलं तर म्हणत, “खिचडी कच्ची रायते.” शाळा समितीचे अध्यक्ष त्यातले. खिचडीचं काम त्यांच्या भावजयीला मिळावं अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी लपवलेलीही नव्हती. सुशीलाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “सर, माह्या खिचडीत खडा निंगला तं चालते. भाताचा एक दाना कच्चा निंगला तं माहं काम गेलं. थे लोक त्याच दान्याची वाट पाहून राह्यले.”

मी म्हटलं, “बाई, माझ्यावर विश्वास ठेवा.”

ऐंशी पोरांच्या पातेल्यासाठी मोठी पेटी लागत होती. शाळेत नकाशे ठेवायची जुनी लाकडी पेटी रिकामी होती, ती घेतली. रुई बाजारातून घ्यायला संस्थेकडे तरतूद नव्हती. आमच्या घरी दोन गाद्या होत्या, वंदनाच्या माहेरून लग्नात आलेल्या. एक मी मोटरसायकलला बांधून नेली. वंदना तेव्हा माहेरी गेली होती. परत आल्यावर तिने एक गादी बघितली, मग मला बघितलं.

“दुसरी?”

“शाळेच्या कामाला लागली.”

“पोरं झोपतात का शाळेत?”

मी खरं सांगितलं. तिने उरलेली गादी झटकून घातली. मग म्हणाली, “तिच्या खिचडीले लागली ना? जाऊ द्या मंग.” आठ दिवस मी सतरंजीवर झोपलो. तेवढी शिक्षा मला कमीच वाटली.

पेटी मात्र झकास चालली. सकाळी साडेनऊला सुशीलाबाई खिचडी उकळवायच्या, पातेलं पेटीत उतरवायचं, वरून गादीचा तुकडा आणि दोरीने घट्ट गाठ. साडेबाराला उघडलं की मोकळी, मऊ खिचडी. पऱ्हाटीचा भारा निम्म्यावर आला. मधल्या तीन तासांत त्या शेतात निंदायला जाऊन येऊ लागल्या. मी एकदा लवकर पोचलो आणि पेटीजवळ घोटाळू लागलो, तर म्हणाल्या, “सर, कोंबडी अंड्यावर बसली का तिले उठवाची नसते. तुमी तिकडे बसा.” माझा नियम मी त्यांना शिकवला होता, पण तो त्यांच्या अंगात होता, माझ्या फक्त पुस्तकात.

पंधरा दिवसांनी साहेबांनी कळवलं की प्रकल्पाला पैसे देणारे दोन पाहुणे पुण्याहून येणार, ते पेटी बघणार. शाळेत सारवण झालं. मुलींनी स्वागतगीत बसवलं. अध्यक्षांनी स्वतः हार आणले, त्यांतला एक पेटीसाठी.

त्या सकाळी सुशीलाबाईंनी वेळेवर पातेलं उतरवलं, दोरी बांधली, आणि पाहुण्यांसमोर जायचं म्हणून चांगलं पातळ नेसायला घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, “सर, पाहा बरं.” त्यांचा अर्थ होता, लक्ष ठेवा. मी पाहिलं.

पहिल्यांदा उघडलं ते नुसतं वाफ आहे का बघायला. वाफ होती. दोरी बांधली. अर्ध्या तासाने वाटलं, ऐंशी पोरं, दोन पाहुणे, त्या अध्यक्षांची नजर. एकदा दाणा दाबून बघू. दाबला, टणक होता. अर्थातच टणक होता, वेळ कुठे झाला होता? घाबरून बंद केलं. तिसऱ्यांदा उघडलं ते दुसऱ्यांदा उघडल्याने काही बिघडलं का हे बघायला. चौथ्यांदा का उघडलं ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हा वाफ येत नव्हती. मी चूल पेटवायला पाहिजे होती. पण तेवढ्यात जीप आली आणि गीत सुरू झालं.

पाहुण्यांनी पेटीला हार घातला. साहेब बोलले, “विस्तवाशिवाय स्वयंपाक! आणि तोही आमच्या पांढऱ्या सोन्याच्या कुशीत!” टाळ्या झाल्या. सुशीलाबाई पुढे आल्या, दोरीशी वाकल्या आणि क्षणभर तिथेच थांबल्या. मग गाठ सोडली, झाकण उचललं.

वरून ती खिचडी दिसत होती. पहिला घास पुण्याच्या एका पाहुण्यांनी घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा कुडुम् आवाज झाला. त्यांनी तो घास गिळला, फार सभ्य माणूस. तांदूळ बाहेरून मऊ, आत कणी. तुरीची डाळ छऱ्यासारखी. मागच्या बाकावरच्या पोरांनी ती बोटाने टिचकावून एकमेकांना मारायला सुरुवात केली. गुरुजी त्यांना ओरडत होते, हार घातलेली पेटी वाफेशिवाय उघडी पडली होती, आणि मुलींना कोणी थांबा न सांगितल्यामुळे त्यांनी गीताचं दुसरं कडवं सुरू केलं.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “आमी पैलेपासून म्हणून राह्यलो. बाईच्या हातची कच्चीच रायते.”

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय झालं हो?”

त्या वेळी तिथे निदान शंभर माणसं होती. मला चार शब्द बोलायचे होते, मी मध्ये उघडली होती. त्याऐवजी मी वेगळे चार शब्द बोललो.

“पाणी कमी पडलं असावं.”

पाणी सुशीलाबाई टाकत. सुशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पातेलं उचललं, एकट्यांनी, आणि परत चुलीवर चढवलं.

पुढच्या महिन्यापासून खिचडी अध्यक्षांची भावजय करू लागली. डबे बंद झाले. प्रकल्पाच्या अहवालात त्या शाळेबद्दल एक वाक्य आहे, ‘स्थानिक स्वयंपाकिणीस अधिक प्रशिक्षणाची आवश्यकता आहे.’ ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. मी ते दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा ‘आवश्यकता’ नीट आलं नव्हतं.

मी वंदनालासुद्धा सांगितलं नाही. ती कधीकधी विचारायची, “आपल्या गादीवर शिजते ना खिचडी?” मी हो म्हणायचो. प्रकल्प संपला. मी एका गॅस एजन्सीत शेगड्या आणि रेग्युलेटर दुरुस्त करायला लागलो, आजही तेच करतो. बर्नर साफ ठेवा, ज्योत निळी पाहिजे, पिवळी असेल तर गॅस वाया जातो. आणि भांड्यावर झाकण ठेवा. ती सवय गेली नाही.

बारा वर्षांनी त्या गावातून तक्रार आली, नव्या कनेक्शनच्या शेगडीची ज्योत पिवळी येते. चिठ्ठीवरचं नाव वाचून मी दुसऱ्या मेकॅनिकला पाठवणार होतो. त्याची सुट्टी होती.

सुशीलाबाईंनी मला लगेच ओळखलं. “या, इंधन मित्र,” म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, डोळे तसेच. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली नवी शेगडी होती, आणि कोपऱ्यात शाळेची ती नकाशांची पेटी. शाळेने भंगारात काढल्यावर त्यांनी ती घरी आणली होती. आत आमच्या गादीची निळी पट्ट्यांची खोळ मला ओळखू आली.

मी बर्नर साफ केला. ज्योत निळी झाली. निघायची वेळ झाली तशी मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. चारही वेळा उघडल्याचं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि डाळ निवडत होत्या.

“मले मालूम होतं,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“मी बैलाच्या दाव्याची गाठ मारतो. सोडाले गेली तं तिथं बुटाच्या नाडीचं फूल. गुरुजी चपला घालते, पोरं उघड्या पायानं. जीप याच्या आंधी गावात बूट घातलेला मानूस एकच होता.”

“मग तेव्हा बोलल्या का नाहीत?”

“माह्या बोलन्यावर कोन इश्वास ठेवनार होतं? तुमच्या बोलन्यावर ठेवला असता. म्हटलं, सोताहून सांगते का पाहू.” त्यांनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. “बारा वर्सं लागले भाऊ तुमची डाळ शिजाले.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. डाळ धुतली, शेगडीवर दहा मिनिटं उकळवली, पेटीत उतरवली, वरून खोळ ओढली आणि दाव्याची गाठ मारली.

“मी वावरात जाऊन येतो. दोन घंटे लागन. बसा. जेवूनच जा.”

“आणि ही पेटी?”

“कोंबडी अंड्यावर बसली हाये,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी दोन तास त्या पेटीसमोर बसलो. पहिला अर्धा तास मी हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. शेजारची एक पोरगी येऊन विचारून गेली, “काका, पेटीत साप हाये का?” मी नाही म्हटलं. नंतर काय झालं सांगता येत नाही, पण मी पेटीकडे बघायचं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्याशिवाय आपोआप शिजत होतं.

सुशीलाबाई आल्या, हातपाय धुतले आणि आधी गाठ पाहिली. बोटाने चाचपून पाहिली. मग सोडली. वरण इतकं मऊ होतं की घोटावं लागलं नाही.

जेवताना मी पुन्हा म्हटलं, “बाई, माझं चुकलं.”

“मले कायले सांगता?” त्या म्हणाल्या. “मले तं त्याच दिवशी मालूम होतं. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा ना.”

त्या दुपारी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते आता थकले आहेत. सगळं ऐकून म्हणाले, “कोनती खिचडी?” गुरुजी बदलून गेलेत. साहेब पुण्याला असतात. तिथे असलेली ऐंशी पोरं कुठे कुठे पांगली आहेत. घरी येऊन वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे माही गादी बरोबर होती.” नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाकीच्यांना सांगायला माझ्याकडे हा दिवाळी अंक आहे. आमच्या भागात दिवाळीत तो हातोहात फिरतो, त्या गावच्या वाचनालयातही जातो. एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. संपादकांनी इंधन बचतीचे उपयुक्त अनुभव मागितले होते. झाकणाचं वर लिहिलंच आहे. उरलेलं, शंभर माणसांसमोर बोलायचं राहून गेलेलं, इथे लिहितो.

त्या दिवशी खिचडीत पाणी बरोबर होतं.